तपकीर गल्लीतला सेकंडहँड थिंकपॅड: लॅपटॉप झकास, पण सातबारा दुसऱ्याच्याच नावावर

आधी रेटिंग सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. लॅपटॉपला पाचात साडेचार. दुकानाला दोन, तेही पक्कं बिल दिलं म्हणून. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास अशी बरीच दुकानं आहेत, आणि मला नाही वाटत की माझ्याच वाटणीला आलेलं दुकान काही जगावेगळं होतं.

तर झालं असं की माझा जुना लॅपटॉप दिवाळीनंतर गेला. मी घरून मराठी प्रूफरीडिंग करते, मला गेम खेळायचे नाहीत की व्हिडिओ एडिट करायचे नाहीत, मला फक्त चांगला कीबोर्ड पाहिजे आणि दिवसभर टाइप करून बोटं दुखता कामा नयेत. नवीन मशीन चाळीस हजारांच्या खाली काही धड दिसेना. भाचा बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो म्हणाला मावशी नवीन घेऊच नकोस, लेनोवोचा थिंकपॅड टी४७० बघ, ऑफिसांतून ढिगाने बाहेर पडतायत. कारण पण त्यानेच सांगितलं. हे मॉडेल २०१७ चं, यात इंटेलचा सहाव्या नाहीतर सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो आणि विंडोज ११ अधिकृतपणे धरतं ते साधारण आठव्या पिढीपासून पुढे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे मशीन ठणठणीत पण मायक्रोसॉफ्टच्या लेखी म्हातारं, मग कंपन्या लॉटच्या लॉट काढून टाकतात आणि ते आपल्या गल्लीत येतात. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटातली सिस्टिम टाकली की हेच मशीन अजून चार-पाच वर्षं आरामात चालतं.

मी गेले, टी४७० होता, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, वर उबंटू २२.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) आधीच टाकलेलं. सोळा हजार पाचशे सांगितले, पंधरा हजार आठशेला दिला. काउंटरवरच्या पोराने चालू करून दाखवला, यूट्यूब लावून दाखवलं, आवाज दाखवला. मागच्या बाजूला एक पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने ‘यूजर’ आणि खाली १२३४. मी विचारलं हाच पासवर्ड का, तर म्हणे हो मॅडम, नंतर बदलून घ्या, लिनक्स आहे, व्हायरसचं टेन्शनच नाही. मी खूश. पिशवीत घालून पीएमटीने घरी. (हो पीएमपीएमएल, माहितीये, आम्ही पीएमटीच म्हणतो.)

घरी येऊन चहा ठेवला आणि पहिलं काम काढलं मराठी टायपिंगचं. मी इनस्क्रिप्टवाली (देवनागरी टायपिंगची एक कीबोर्ड-मांडणी), त्याशिवाय माझे हात चालत नाहीत. त्यासाठी आयबस एम१७एन नावाचं एक पॅकेज टाकायला लागतं. (ते विचित्र नाव म्हणजे मल्टिलिंग्वलायझेशन या शब्दाचा एम आणि एन, आणि मधली सतरा अक्षरं कुणीतरी कंटाळून मोजून टाकलेली.) सॉफ्टवेअर शोधलं, इन्स्टॉल दाबलं, तर एक खिडकी आली पासवर्ड विचारणारी. १२३४ टाकलं. चुकीचा. परत टाकलं. परत चुकीचा. मग नीट बघितलं तर त्या खिडकीत माझं यूजर नाव नव्हतंच, तिथे लिहिलेलं ‘आयटी अ‍ॅडमिन’. म्हणजे ते माझा पासवर्ड मागतच नव्हतं, ते मागत होतं कुणा दुसऱ्याचा, ज्याला मी आयुष्यात बघितलेलं नाही.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने काम करून घ्यायची कमांड) लावून बघितलं, तेवढं येतं मला. त्याने पासवर्ड घेतला आणि वर सुनावलं की यूजर सुडोअर्सच्या यादीत नाही, ‘धिस इन्सिडंट विल बी रिपोर्टेड’. अरे कुणाला रिपोर्ट करतोस बाबा? पैसे मी दिलेत!

मी मूळची शिरूर तालुक्यातली, त्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटलं. जमीन आपल्या ताब्यात, नांगरतोय आपण, पेरतोय आपण, पण सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच. विहीर खणायची म्हटली की त्याची सही पाहिजे. मी माझ्याच लॅपटॉपवर कूळ होते.

दुकानात फोन लावला. पोराने मालकाला दिला. मालक म्हणाले मॅडम, तो ऑफिसचा लॉट आहे, आम्हाला जसा आला तसा आम्ही दिला, अ‍ॅडमिनचा पासवर्ड आमच्याकडे पण नाहीये, तुम्ही घेऊन या, फॉरमॅट मारून देतो, सातशे रुपये होतील. मी म्हटलं अहो आजच घेतलाय, सातशे कसले? तर म्हणे ते सॉफ्टवेअरमध्ये येतं, वॉरंटी हार्डवेअरची आहे. आवाज अगदी गोड हां. रागवायला पण जागा ठेवली नाही माणसाने.

इथे मला दुकानाचं खटकलं ते पासवर्ड नसण्याचं नाही. खटकलं ते हे की विकताना त्यांनी अ‍ॅडमिन अकाउंटचा विषयच काढला नाही. यूट्यूब दाखवायला अ‍ॅडमिन लागत नाही ना, म्हणून यूट्यूब दाखवतात.

रात्री भाच्याला फोन केला. तो हसायलाच लागला. म्हणाला मावशी दहा मिनिटांचं काम आहे, मात्र एकच विचारतो, चालू करताना उबंटूच्या लॉगिनच्याही आधी काळ्या नाहीतर जांभळ्या स्क्रीनवर डिस्कचा पासवर्ड मागतं का? म्हटलं नाही. म्हणाला मग झालं, एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं पासवर्डने कुलूपबंद करणं, नाहीये. असतं तर विषय संपला असता, आतला डेटा ब्रह्मदेवाला पण निघाला नसता, सगळं पुसून नव्याने टाकणं एवढाच मार्ग.

मग फोन स्पीकरवर ठेवून जे झालं ते सांगते, कुणाला तरी उपयोगी पडेल. कमांड त्याने जशा तोंडी सांगितल्या तशाच लिहितेय.

लॅपटॉप रीस्टार्ट करायचा आणि लेनोवोचा लोगो गेला की लगेच एस्केप दाबायचं. एकदा. मी घाबरून पाच-सहा वेळा दाबलं तर काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ आणि एक बाणासारखं चिन्ह येऊन बसलं. भाचा म्हणाला, ‘मावशी, डोअरबेल नाहीये ती, एकदाच दाब.’ तिथे रीबूट टाइप करून परत सुरुवात. (फारच जुना कॉम्प्युटर असेल, चालू होण्याच्या यूईएफआय या नव्या पद्धतीच्या आधीचा, तर एस्केपऐवजी शिफ्ट दाबून धरायची म्हणे.) दुसऱ्या वेळी मेनू आला. त्यात दुसरी ओळ, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू. तिच्यात शिरल्यावर कर्नलच्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या) दोन-तीन ओळी आणि प्रत्येकीच्या खाली तीच ओळ कंसात रिकव्हरी मोड लिहिलेली. वरची रिकव्हरीवाली घ्यायची. मग भराभर अक्षरं पळतात, घाबरायचं नाही, आणि एक करड्या रंगाचा डबा येतो ज्यात रिझ्यूम, क्लीन, एफएसचेक वगैरे आणि खाली रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं. रूटवर एंटर, परत एकदा एंटर, आणि खाली ओळीच्या शेवटी हॅशचं चिन्ह. भाचा म्हणाला, ‘आता तू या मशीनची मालकीण.’

मालकीण व्हायला कुठला पासवर्ड लागला? काहीच नाही! मी विचारलं हे असं कसं काय. तर उबंटू पहिल्यापासून, म्हणजे २००४ सालापासून, रूट नावाच्या खात्याला पासवर्ड देतच नाही, ते बंद ठेवतं आणि नेहमीच्या माणसाला सुडोची परवानगी देतं. त्यामुळे रिकव्हरीत रूटचा पासवर्ड विचारायला मुळात पासवर्डच नसतो. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये बसवताना रूटला पासवर्ड दिलेला असेल, किंवा उबंटूमध्येच कुणी मुद्दाम दिला असेल, तर तिथे रिकव्हरीतही पासवर्ड मागतं. मग मेनूतल्या ओळीवर असताना ई दाबायचं, जी लांबलचक ओळ लिनक्स या शब्दाने सुरू होते तिच्यात आरओ आहे तिथे आरडब्ल्यू करायचं, ओळीच्या शेवटी इनिट इज इक्वल टू स्लॅश बिन स्लॅश बॅश लिहायचं आणि कंट्रोल एक्स. मला ते करावं लागलं नाही, पण मी वहीत लिहून ठेवलंय.

आता खरी गंमत. पहिल्यांदा त्याने सांगितलं, एल एस, स्पेस, स्लॅश होम. दोन नावं दिसली, आयटीअ‍ॅडमिन आणि यूजर. मग म्हणाला, पी ए एस एस डब्ल्यू डी, स्पेस, आयटीअ‍ॅडमिन. नवीन पासवर्ड मागितला, मी टाइप करतेय तर पडद्यावर काही उमटतच नाही, ना चांदण्या ना ठिपके, मला वाटलं कीबोर्ड गेला. नाही, ते तसंच असतं. दोनदा टाकला आणि एरर! ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर. इतकं भारदस्त वाक्य की मला वाटलं काहीतरी मोठं मोडलं आपण. पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग, ‘सॉरी मावशी, माझंच चुकलं.’

चूक काय तर रिकव्हरीत डिस्क फक्त वाचायला उघडलेली असते, लिहायला नाही, आणि नवा पासवर्ड लिहिणार कुठे मग? आधी सांगायला पाहिजे होतं की माउंट, स्पेस, मायनस ओ, स्पेस, रीमाउंट कॉमा आरडब्ल्यू, स्पेस, स्लॅश. कॉमाच्या पुढे स्पेस नाही, आणि शेवटचा स्लॅश विसरायचा नाही. एंटर मारलं तर काहीच बोललं नाही, भाचा म्हणाला लिनक्स काही बोललं नाही की समजायचं काम झालं. (आमच्या सासूबाईंचं पण असंच होतं.) परत पासवर्डची कमांड, या वेळी गुपचूप घेतला.

नंतरची कमांड सगळ्यात महत्त्वाची, कारण मला दुसऱ्याचं अकाउंट वापरायचं नव्हतं, मला माझं नाव वर चढवायचं होतं. यूजरमॉड, स्पेस, मायनस छोटा ए मोठा जी, स्पेस, सुडो, स्पेस, यूजर. झाला फेरफार! छोटा ए अजिबात गाळायचा नाही असं त्याने तीनदा बजावलं, कारण नुसता मोठा जी दिला तर तुम्ही सुडोच्या गटात जाता खरे, पण बाकीच्या ज्या गटांत होतात त्या सगळ्यांतून नाव उडतं, प्रिंटरबिंटर सगळं. फेडोरा नावाचं लिनक्स असेल तर गटाचं नाव सुडो नसतं, व्हील असतं.

रीबूट, लॉगिन, इन्स्टॉल. या वेळी खिडकीत माझंच नाव होतं. १२३४ टाकलं आणि पॅकेज उतरायला लागलं. रात्री पावणेबाराला मी माझ्या लॅपटॉपवर पहिला मराठी शब्द टाइप केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही, दुकानदाराला उद्देशून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्सुकता म्हणून ते रिपोर्ट होणार होतं ते कुठे गेलं हे शोधलं. व्हार, लॉग आणि त्यात ऑथ डॉट लॉग नावाची फाइल. त्यात सापडली माझी तक्रार, तारीखवार, वेळेसकट, यूजर नॉट इन सुडोअर्स. म्हणजे माझ्या लॅपटॉपने माझी तक्रार माझ्याच लॅपटॉपमध्ये नोंदवून ठेवली होती.

पण मग मी आणखी जरा उकरलं आणि तिथे मात्र हसू गेलं. आयटीअ‍ॅडमिनच्या फोल्डरमध्ये डाउनलोड्समध्ये एक्सेलच्या फाइली पडलेल्या, कुणाकुणाला कुठलं मशीन दिलं त्याची नावासकट यादी. आणि नेटवर्क मॅनेजरचं एक फोल्डर असतं, त्यात जोडलेल्या वायफायच्या फाइली, तर त्या ऑफिसच्या तीन वायफायची नावं आणि पासवर्ड साध्या अक्षरांत, वाचता येतील असे. मी काही केलं नाही त्याचं, पण विचार करा, माझ्यासारखी बाई स्पीकरफोनवर पंधरा मिनिटांत इथवर पोचते. त्या कंपनीने भंगारात काढताना डिस्क पुसली नाही, दुकानाने घेताना पुसली नाही. सातशे रुपये मागणाऱ्या मालकांनी खरं तर तेच फॉरमॅट विकायच्या आधी मारायला हवं होतं, माझ्यासाठी नव्हे तरी त्या बिचाऱ्या यादीतल्या माणसांसाठी.

भाच्याचं पण तेच मत. म्हणाला अ‍ॅडमिन मिळवलास ते या आठवड्याचं काम उरकायला ठीक आहे, पण या इन्स्टॉलेशनवर बँकेचं काही उघडू नकोस, आधीच्या आयटीवाल्याने दूरून आत यायची काय काय सोय करून ठेवली असेल आपल्याला काय माहीत. ते पटलं. शनिवारी पेनड्राइव्हवर उबंटू २४.०४ घेतलं, चालू करताना एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला, सगळी डिस्क पुसून नव्याने टाकलं आणि या वेळी एन्क्रिप्शनवर टिक केली. अर्धा तास लागला. आता सुरू करताना दोन पासवर्ड टाकावे लागतात, कंटाळा येतो, पण जे मी दुसऱ्याच्या मशीनचं केलं ते माझ्या मशीनचं कुणी करू नये ना. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे फाटकाची कडी, हात घालून उघडता येते. हे मला आधी कधी कळलंच नव्हतं.

जे घ्यायला जाणार आहेत त्यांना एक सांगते, दुकानात उभं असताना यूट्यूब बघू नका. टर्मिनल उघडून सुडो लावून काहीही एक चालवा, तिथेच कळतं मालक कोण. आणि त्याहून महत्त्वाचं, चालू करताना एफ१ दाबून बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि सिक्युरिटीत सुपरवायझर पासवर्ड डिसेबल्ड आहे ना ते डोळ्याने बघा. लिनक्सचा पासवर्ड निघतो, हा निघत नाही. पूर्वीच्या डेस्कटॉपसारखी आतली गोळी-बॅटरी काढून ठेवली की विसरेल असं थिंकपॅडचं नाही, तो वेगळ्या चिपमध्ये बसतो आणि कंपनीचं अधिकृत उत्तर म्हणजे मदरबोर्ड बदला. म्हणजे पंधरा हजारांच्या लॅपटॉपला कितीचा मदरबोर्ड, तुम्हीच बघा. माझा मोकळा निघाला, पण तो नशिबाचा भाग होता, मी तेव्हा बघितलंच नव्हतं.

आता लॅपटॉपबद्दल, कारण रिव्ह्यू त्याचा आहे. कीबोर्ड म्हणजे लोणी. दिवसाला तीस-चाळीस पानं तपासते, बोटांची तक्रार नाही. मधला लाल टिपका मला अजून जमत नाही, पण भाचा म्हणतो सवय झाली की माउस विसरशील. डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन आहे, त्याने पहिले दोन दिवस कॉपी-पेस्टची वाट लागली, ते बायॉसमध्ये जाऊन अदलाबदल करता येतं, केली, सुटले. बॅटऱ्या दोन आहेत, एक आत आणि एक मागून काढता येणारी, आणि मजा म्हणजे आतलीवर चालू असताना बाहेरची काढून दुसरी लावता येते, मशीन बंद पडत नाही. दोन्ही जुन्याच आहेत तरी मला मिळून साडेतीन तास देतात. स्क्रीन फिका आहे, अर्धा गुण तिथेच गेला, गॅलरीत बसून काम होत नाही. रॅमला दोन खाचे आहेत, पुढे वाढवेन. वायफाय, आवाज, झाकल्यावर झोपणं, उघडल्यावर उठणं, सगळं लिनक्सवर पहिल्या फटक्यात चाललं, काही वेगळं टाकावं लागलं नाही.

परवा चार्जरची पिन सैल होती म्हणून परत दुकानात गेले. चार्जर न कुरकुरता बदलून दिला, तेवढं मान्य करायला पाहिजे. मालक नव्हते, पोरगा होता. म्हणाला मॅडम त्या दिवशी तुम्ही परत आलाच नाहीत फॉरमॅटला? म्हटलं घरीच केलं. त्याला खरंच वाटेना. मग मी वही काढून दाखवली, एस्केप, रिकव्हरी, माउंटची ओळ, छोटा ए मोठा जी. त्याने मोबाइलवर पानाचा फोटो काढला, झूम करून नीट वाचता येतंय का ते बघितलं आणि मला चहा मागवला. आता तो त्याचेच सातशे घेत असणार. घेताना निदान गिऱ्हाइकाला छोटा ए विसरू नका एवढं सांगितलं म्हणजे मिळवली.